ऐकीव

निझव्याला समुद्र नाही. ओमान म्हटल्यावर मंडळींच्या डोळ्यांपुढे मस्कतचा किनारा, शिडाची जहाजं आणि फार तर सिंदबाद येतो. निझवा मात्र त्या किनाऱ्यापासून गाडीने दीड तास आत, हजर डोंगररांगेच्या पायथ्याशी बसलेलं जुनं गाव. इथे खजूर आहे, किल्ला आहे, हलवा आहे, शुक्रवारचा बकऱ्यांचा बाजार आहे. लाट तेवढी नाही. आणि इथल्या भारतीय मुलांना अकरावीचं भौतिकशास्त्र शिकवणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग असल्यामुळे 'तरंग' हे प्रकरण आलं की माझी पंचाईत होते. पुस्तकात पहिल्याच पानावर शांत तळ्यात दगड टाकायला सांगितलेलं असतं. दगड इथे हवे तेवढे. तळं कुठून आणायचं?

पाणी आहे, पण ते फलजचं. डोंगराच्या पोटातलं पाणी पंपाशिवाय, नुसत्या उताराच्या जिवावर गावापर्यंत आणून सोडणारा पाट म्हणजे फलज. गावाच्या वरच्या अंगाला फलज दारिस आहे. युनेस्कोने २००६ मध्ये ओमानच्या ज्या पाच फलजांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यांतला हा एक. देशभरात असे सुमारे तीन हजार फलज अजून वाहते आहेत. काठावर बसून पाय पाण्यात सोडले की निझव्याचा उन्हाळा घोट्यापर्यंत तरी माफ होतो. एकदा मुलांना तिथे घेऊन गेलो, आणि गेल्यावर ध्यानात आलं की लाटा शिकवायला याहून गैरसोयीची जागा अख्ख्या सल्तनतीत सापडायची नाही. फलजमधलं पाणी खरोखरच जातं. खजुराच्या झावळीचा तुकडा टाकला की पाण्याबरोबर तोही चालू लागतो, वळणावर दिसेनासा होतो आणि खालच्या बागेत कुणाच्यातरी लसूणघासात जाऊन अडकतो. लाटेत नेमकं हेच व्हायचं नसतं. लाटेवरचा तुकडा वर-खाली होऊन जवळपास जागच्या जागी राहतो, आणि लाट त्याच्या खालून निघून जाते.

पाणी जातं, म्हणून त्याचा हिशेब ठेवावा लागतो. फलजच्या पाण्याची वाटणी लिटरांत नव्हे, वेळेत होते. अर्ध्या तासाचा एक 'अथर', आणि ज्याचे जितके अथर तितका वेळ पाणी त्याच्या बागेत. दिवसा जमिनीत रोवलेल्या काठीची सावली खुणांवरून सरकताना बघायची, रात्री ठरलेले तारे डोंगराआडून कधी वर येतात ते बघायचं. आता बहुतेक ठिकाणी मनगटावरच्या घड्याळावरच भागतं. आपल्याकडे धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीत पाटकरी बारं फिरवत जातो, आणि पाण्याच्या पाळीवरून दोन सख्ख्या भावांत बोलणं बंद होतं, ते याच जातीचं प्रकरण. लाटेवरून मात्र कुठल्याही भावकीत कोर्टकचेरी झाल्याचं ऐकलं नाही. जी पोचते पण स्वतःबरोबर काही आणत नाही, तिची वाटणी कुणी कशी करावी?

शेवटी तळं, समुद्र, फलज असं सगळं सोडून मी फळ्यावरच दादर स्टेशन उभं केलं. संध्याकाळची कर्जत फास्ट. डबा आधीच गच्च भरलेला. फलाटावरून शेवटचा गडी एक पाय आत टाकतो आणि खांद्याने रेटा देतो. दारातला माणूस मधल्यावर रेलतो, मधला आतल्यावर, आणि एखाद्या क्षणात पार खिडकीपाशी उभ्या असलेल्या, या भानगडीशी काडीचाही संबंध नसलेल्या सद्गृहस्थाचं नाक काचेला टेकतं. दारातला माणूस दारातच आहे. खिडकीशी पोचला तो फक्त रेटा. ध्वनी हवेतून असाच जातो: कण जागच्या जागी पुढे-मागे, रेटा पुढे. हा झाला उभा मामला. आता रेट्याऐवजी कुणी आडवा हेलकावा दिला, तर तो पुढे कधी जाईल? लोकांनी एकमेकांना घट्ट धरलेलं असेल तरच. नुसती दाटी असेल आणि धरलेलं कुणीच कुणाला नसेल, तर हेलकावा तिथल्या तिथे मरतो. घन पदार्थातले कण एकमेकांना धरून असतात, म्हणून त्यातून दोन्ही प्रकार जातात. द्रवात दाटी असते पण धरबंध नसतो, म्हणून त्याच्या पोटातून रेटा जातो, आडवा हेलकावा जात नाही.

मुलांना हे पटलं. त्यांतली बरीचशी केरळची, दादर कुणी पाहिलेलं नाही. एका मुलीने तेवढं विचारलं, "सर, पण मग उतरायचं कसं?" तो प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा असल्याचं मी तिला सांगितलं.

ध्वनी बघायचा तर शुक्रवारी सकाळी किल्ल्याखालच्या बाजारात जावं. मधल्या ओट्याभोवती गिऱ्हाईक आत आणि बाहेर अशा दोन रांगांत बसलेलं, आणि मधल्या वाटेवरून दलाल दोरीला धरलेल्या बकऱ्या, गाई गोल गोल फिरवत किमती पुकारत असतात. सगळे एकाच वेळी ओरडतात, बकऱ्याही आपलं मत देत असतात, आणि तरीही पलीकडच्या म्हाताऱ्या शेखाला त्यातला त्याचा आकडा बरोबर ऐकू येतो. एकाच हवेतून शंभर आवाज एकमेकांना न अडवता आरपार जातात आणि पलीकडे गेल्यावर जसेच्या तसे असतात. लाटांचा हा गुण मला फार लोभस वाटतो. फलजमध्ये दोन पाटांचं पाणी एकत्र आलं की ते पुन्हा वेगळं करता येत नाही.

बाजाराच्या आतल्या अंगाला चांदीकाम करणाऱ्यांची दुकानं आहेत. खंजिराच्या म्यानावर तार ठोकण्याचा बारीक ठक-ठक आवाज तिथे कानावर पडला की मला खलील बिन अहमद अल-फराहिदी आठवतो. आठव्या शतकातला हा ओमानी वंशाचा पंडित बसऱ्यात राहायचा. अरबी छंदशास्त्राची बांधणी त्याने केली. आख्यायिका अशी, की धातुकाम करणाऱ्यांच्या आळीतून जाताना हातोड्यांचे ठोके ऐकून त्याला वृत्तांचा हिशेब सुचला. त्याने पंधरा वृत्तं मांडली, सोळावं मागाहून आलं. पंधरा वृत्तं मिळेपर्यंत आळीतून किती फेऱ्या झाल्या असतील, आणि दुकानदार काय म्हणाले असतील, याबद्दल आख्यायिका गप्प आहे. मला त्यातलं आवडतं ते एवढंच: गृहस्थाने आत डोकावून हातोडा बघितला नाही. बाहेरून ठोका ऐकला आणि त्यावरून आतली रचना बांधली.

पृथ्वीच्या पोटात काय आहे, हे माणसाला कळलं ते याच रीतीने. आणि इथे माझा थोडा घरचा संबंध येतो, कारण मी पाटण तालुक्यातला आहे.

कोयनेच्या अंगाखांद्यावर वाढलेल्या माणसाचं भूकंपाशी नातं इतरांपेक्षा वेगळं असतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चार वाजून एकवीस मिनिटांनी, ६.३ तीव्रतेचा धक्का बसला. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, दीडशेहून अधिक माणसं गेली, धरणाला तडे गेले पण धरण उभं राहिलं. धरणात साठवलेल्या पाण्यामुळे भूकंप होऊ शकतात का, या प्रश्नावर जगभर आजही कोयनेचं नाव घेतल्यावाचून बोलता येत नाही. ती पहाट मी पाहिलेली नाही. आमच्या वाट्याला आले ते त्यानंतरचे, वर्षानुवर्षं येत राहिलेले बारके धक्के. रात्री आधी जमिनीतून 'घर्र' असा दबका आवाज यायचा. आजी अंथरुणातूनच म्हणायची, "आला." तिचं 'ला' संपतंय तोवर फळीवरची पितळेची भांडी वाजायची, दिव्याची वायर झोके घ्यायची, आणि आजी कूस बदलायची. पाहुण्यांना पहाटेपर्यंत झोप नसायची.

त्या 'आला'मध्ये अख्खं भूकंपशास्त्र आहे, हे मला पुढे कॉलेजात कळलं. धक्का बसला की खडकातून दोन लाटा एकाच वेळी निघतात. रेट्याची लाट जोरात पळते, वरच्या खडकात सेकंदाला साधारण सहा किलोमीटर. आडव्या हेलकाव्याची लाट मागून, साडेतीनच्या आसपास. पहिली येते ती जमिनीशी हवा हलवून घर्र करते, दुसरी येते ती भांडी पाडते. दोघींतलं अंतर सेकंदांत मोजा, आठाने गुणा, आणि धक्का कुठे बसला ते किलोमीटरांत हातात येतं, निदान जवळच्या धक्क्यांना तरी. आजीच्या 'आला'पासून भांड्यांपर्यंत अडीच सेकंद धरले तर वीस किलोमीटर. आजीला गुणाकार ठाऊक नव्हता, आणि कॉलेजातल्या आमच्या सरांना भांडी वाजण्याचा अनुभव नव्हता. असो.

या दोन लाटा यंत्राच्या कागदावर वेगवेगळ्या ओळखल्या त्या रिचर्ड ओल्डहॅमने. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातला साहेब. १८९७ च्या जूनमध्ये आसामात महाभयंकर भूकंप झाला, त्याच्या खुणा पार युरोपातल्या यंत्रांवर उमटल्या होत्या, त्या त्याने तपासल्या. पुढे १९०६ मध्ये याच माणसाने लाटांच्या वेळा जुळवत दाखवून दिलं की पृथ्वीला आत वेगळा गाभा आहे. आडव्या हेलकाव्याची लाट त्या गाभ्यातून जात नाही, म्हणजे तो बाहेरून द्रव असला पाहिजे, हे नंतरच्यांनी सांगितलं. १९३६ मध्ये इंगे लेमान नावाच्या डॅनिश बाईंनी आणखी खोल कान लावला आणि त्या द्रवाच्याही आत आणखी एक वेगळा गोळा असल्याचं अनुमान काढलं. यांतलं कुणी खाली गेलं नव्हतं. सगळं ऐकीव. पण असं ऐकीव की त्यावर कुणाची पैज लावायची छाती होणार नाही.

या मंडळींतला माझा लाडका म्हणजे आंद्रिया मोहोरोविचिच. १९०९ च्या ऑक्टोबरात क्रोएशियात झाग्रेबजवळ एक भूकंप झाला. मोहोरोविचिचच्या ध्यानात आलं की दूरच्या काही ठिकाणी रेट्याची लाट दोनदा पोचते आहे. एक सरळ वरच्या खडकातून आलेली. दुसरी लांबचा रस्ता धरून, खाली उतरून, खालून पळून, पुन्हा वर आलेली, आणि तरी पहिलीच्या आधी! लांबच्या रस्त्याने येऊन जी आधी पोचते, तिला खाली जलद रस्ता मिळालेला असणार. म्हणजे कित्येक किलोमीटर खाली खडक बदलतो, आणि लाटेचा वेग तिथे सातच्या आसपासवरून आठावर उडी घेतो. वर कवच, खाली प्रावरण. मधल्या सीमेला त्या माणसाचं नाव मिळालं. पुढे जगातल्या शास्त्रज्ञांनी जिभेला त्रास नको म्हणून ते 'मोहो' असं आटोपतं केलं.

मग माणसाला ती सीमा डोळ्यांनी बघायची हौस आली. समुद्राखाली कवच पातळ असतं, म्हणून १९६१ मध्ये अमेरिकेने मेक्सिकोच्या किनाऱ्याबाहेर जहाजावरून भोक पाडायला सुरुवात केली. सोबत वार्तांकनाला चक्क कादंबरीकार जॉन स्टाइनबेक. तळाखाली १८३ मीटरपर्यंत पोचले, कौतुक झालं, पुढे खर्च वाढत गेला आणि १९६६ मध्ये त्यांच्या संसदेने पैसे बंद केले. रशियाने १९७० पासून कोला द्वीपकल्पात जमिनीवरून खणायला घेतलं. १९८९ पर्यंत १२,२६२ मीटर झाले आणि तिथेच अडकले. मोहोच्या वाटेवरचा तो जेमतेम तिसरा हिस्सा. आमच्या कोयनेलाही २०१७ मध्ये गोठण्याला तीन किलोमीटर खोल विंधन-विवर घेतलं. त्यातलं पहिलं सव्वा किलोमीटर नुसतं दख्खनचं काळं बेसाल्ट ओलांडण्यात गेलं, मग ग्रॅनाइट. मोहो तिथून कितीतरी कोस खाली.

आणि मस्कतहून निझव्याला येताना समाईलच्या आसपास गाडी रस्त्याकडेला घेतली की प्रावरण डाव्या हाताला असतं, उजव्या हातालाही असतं.

थट्टा नाही. सुमारे साडेनऊ कोटी वर्षांपूर्वी इथे एक समुद्रतळ तयार झाला आणि पुढे, खाली बुडण्याचा जगरहाटीचा नियम मोडून, अरबस्तानच्या डोक्यावर चढून बसला. वरचं कवच, मधली मोहो, खालचं प्रावरण, सगळं चवडीसकट. जगभरचे भूवैज्ञानिक विमानं करून हे बघायला येतात. आम्ही मस्कतला किराणा आणायला जातो तेव्हा येता-जाता बघतो. एकदा मी हट्टाने गाडी थांबवली. बायको म्हणाली, "अहो, इथे काय आहे?" मी म्हणालो, "पृथ्वीचं पोट." तिने काच खाली केली, बाहेर बघितलं, आणि म्हणाली, "मला वाटलं पेट्रोल पंप असेल."

दिसायला ते खरंच काही नाही. तांबूस-तपकिरी, करपलेली, झाडाचं नाव नसलेली टेकाडं. जवळ जाऊन दगड उचलला तर आकाराच्या मानाने जड लागतो. एकावर एक आपटून फोडला की आतून काळपट हिरवा रंग दिसतो, मध्ये एखादा चकाकणारा कण. कुठे कुठे पृष्ठभाग बोटाला तेलकट, गुळगुळीत लागतो, कारण खडक पाणी पिऊन बदललेला असतो. आणि सगळ्यातून पांढऱ्या शिरा धावतात: हवेतला कार्बन डायऑक्साइड पावसाच्या पाण्याबरोबर आत मुरून दगड होऊन बसलेला. मी ते ढेकूळ हातात धरून बराच वेळ उभा होतो. ज्याची बातमी झाग्रेबच्या यंत्राने लाटांच्या वेळा जुळवून लावली, ज्यासाठी रशियनांनी एकोणीस वर्षं खणलं, तो मुद्देमाल माझ्या तळहातावर, आणि मागे बायको सांगतेय की दही आंबू लागलंय, चला. ऐकीव गोष्टीची अशी समोरासमोर शहानिशा करायची संधी माणसाला क्वचित मिळते. बातमी खरी निघाली, याचं मला उगाचच वैयक्तिक समाधान झालं.

शंका राहते ती पोकळीची. खडकातून लाट जाते, ठीक. हवेतून जाते, ठीक. शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या हंडीत विजेची घंटा टांगून हवा काढून घेण्याचा प्रयोग असतो. असलंच काहीतरी सतराव्या शतकात रॉबर्ट बॉईलने करून दाखवलं होतं. आमचा पंप दमेकरी आहे. तो बिचारा धापा टाकत हवा ओढतो, घंटेचा आवाज बारीक होत जातो, पण पुरता कधी मरत नाही. उरलेल्या हवेतून आणि घंटा ज्या तारांना टांगली आहे त्या तारांमधून तो काचेपर्यंत येत राहतो. मुलं मात्र वर्गाच्या शिस्तीसाठी 'ऐकू येत नाही' असं एकमुखाने सांगतात. मग दादरवाली मुलगी विचारते, "सर, आवाज गेला, पण घंटा दिसतेय. म्हणजे उजेड आत-बाहेर करतोय. हवाच नाही तर लाट कशाची?"

हा प्रश्न साऱ्या एकोणिसाव्या शतकाने विचारला होता. त्याला उत्तर म्हणून साहेबांनी 'ईथर' नावाचा पदार्थ कल्पिला: सगळीकडे भरलेला, दिसत नाही, वजन नाही, ग्रहांना अडवत नाही, पण पोलादाहून ताठ. असा पदार्थ फक्त अडचणीत सापडलेल्या माणसाला सुचतो. आपल्याकडच्या न्याय-वैशेषिकांनी हीच व्यवस्था आधी करून ठेवली होती, फक्त त्यांनी आकाश नेमलं ते शब्दासाठी, म्हणजे ध्वनीसाठी. ध्वनी पुढे कसा सरकतो याला त्यांनी दिलेला 'वीचीतरंगन्याय' वाचला की मान डोलावी: एका तरंगातून पुढचा, त्यातून पुढचा. दुसरा पक्ष कदंबाच्या फुलाचा: एकदम सगळ्या दिशांना. दोन्ही पक्षांचं वर्णन आजही पास होईल. गंमत इतकीच, की रिकाम्या आकाशातून जो जाऊच शकत नाही नेमका त्यालाच आकाश बहाल झालं.

१८८७ मध्ये क्लीव्हलँडला मायकेलसन आणि मॉर्ली यांनी पाऱ्यावर दगडाची जाडजूड फरशी तरंगवली, तिच्यावर आरसे मांडले आणि ईथरचा वारा लागतो का ते बघितलं. लागला नाही. कितीही फिरवून बघितलं तरी नाही. त्या न लागलेल्या वाऱ्याने भौतिकशास्त्राचं घर हललं. शेवटी मानावं लागलं की प्रकाशाला टेकायला काही लागत नाही. विद्युतक्षेत्र बदललं की चुंबकीय क्षेत्र उभं राहतं, ते बदललं की पुन्हा विद्युतक्षेत्र, आणि दोघं एकमेकांना उठवत सेकंदाला तीन लाख किलोमीटर निघतात. हे मी मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे क्षेत्र हलतं. पण क्षेत्र कशाचं?" मी म्हणालो, "बारावीत आहे." बारावीतही नाही, हे मला माहीत आहे. पण बारावीला दुसरे शिक्षक आहेत.

पोकळी हा खरं तर लाटांचा सगळ्यात चांगला रस्ता. खडकात लाट झिजते, हवेत विरते. पोकळीत पसरत जाते, मिटत नाही. आमच्याकडे पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला प्रत्येकी पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. २०२३ मध्ये तिच्यावरून जाहीर झालेलं एक निरीक्षण असं, की एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनने सुमारे ८.८ अब्ज वर्षांपूर्वी सोडलेली एकवीस सेंटिमीटरची लाट वाटेत ताणली जाऊन अठ्ठेचाळीस सेंटिमीटरची झाली आणि जुन्नर तालुक्यातल्या उसाच्या फडांमध्ये उतरली. ती निघाली तेव्हा पृथ्वी नव्हती. ऊस तर नव्हताच.

फलजवर रात्री पाण्याची पाळी ठरवणाऱ्या ताऱ्यांत 'सुरय्या' म्हणजे आपली कृत्तिका असते. कृत्तिकांचा उजेड इथे यायला सुमारे चारशे चाळीस वर्षं लागतात. आज रात्री जो दिसेल तो निघाला तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्म व्हायचा होता. महाराजांच्याच काळात इमाम सुलतान बिन सैफने मस्कतमधून पोर्तुगीजांना हाकललं आणि निझव्याचा हा जंगी गोल बुरूज बारा वर्षं खपून बांधला. तोही उजेडाच्या वाटचालीत बराच अलीकडचा. एवढा जुना निरोप प्रमाण मानून शेतकरी आत्ताच्या पाण्याची दारं उघडायचा आणि कुणाचा अर्धा तास कुणाकडे जात नसे. ऐकिवावर इतक्या चोख चालणाऱ्या गावाला माझ्यासारख्याने लाटा शिकवाव्यात, हेच मुळात आगाऊपणाचं आहे.

परवा आईचा फोन आला. पाटणहून. कांद्याचा भाव, शेजारच्यांचं लग्न, आणि मध्येच, "आत्ता हललं बघ. भांडी वाजली. बारका होता." मी लगेच मनातल्या मनात गणित मांडलं. तिचा आवाज हवेतून फोनमध्ये, फोनमधून रेडिओलाट होऊन मनोऱ्याकडे, तिथून उजेड होऊन काचेच्या तारेतून अरबी समुद्राच्या तळाने इकडे: सगळं मिळून डोळ्याची पापणी लवेपर्यंत. भूकंपाची स्वतःची लाट मात्र खडकातून, आपल्या पायांनी. पाटण ते निझवा सरळ रेषेत सुमारे अठराशे किलोमीटर, म्हणजे रेट्याला पावणेचार मिनिटं. बातमी आली होती आणि भूकंप अजून वाटेत होता.

"आई," मी म्हणालो, "तुझा भूकंप निघालाय. तीन-एक मिनिटांत इथे पोचेल."

"कळणार आहे का तुला?"

"छे. यंत्रालासुद्धा कळायचा नाही. वाटेतच पार पातळ होतो. पण येतो."

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "कुळथाचं पीठ आणि मेतकूट दिवाळीपासून बांधून ठेवलंय. तुमच्या त्या मस्कतच्या माणसाची बॅग भरली म्हणून तो न्यायला तयार नाही. त्याचं बघ आधी."

पाठोपाठ यायची ती दुसरी, हळू लाट समुद्राखाली निम्म्या वाटेवर असेल, तोवर आम्ही कुणाच्या बॅगेत किती किलो बसतील यावर आलो होतो.